जंगलाच्या पैशाचा सोळा आणे हिशेब

श्रावणातल्या एखाद्या रविवारी दरेकसा स्टेशनवर उभे राहून पाहावे. गोंदियाकडून आणि डोंगरगडकडून येणाऱ्या गाड्यांतून तरुण पोरांचे थवे उतरतात. कोणाच्या खांद्याला डब्याची पिशवी, कोणाच्या हातात मोबाईल, आणि सगळ्यांचे पाय हाजरा फॉलच्या वाटेला. रस्त्यावर मोटारींची रांग लागते ती वेगळीच. त्याच वेळी जवळच्या बांधीत रोवणीच्या बाया चिखलात वाकलेल्या असतात. पाऊस तोच आणि डोंगरही तोच, पण एकासाठी ती सहल आहे आणि दुसऱ्यासाठी रोजी.

यात वाईट काही नाही. शहरातला माणूस चार घटका हिरवे पाहायला येतो, चार पैसे खर्च करून जातो. प्रश्न एवढाच आहे की ते पैसे जातात कुठे, आणि ज्यांनी हे जंगल राखले त्यांच्या पोरांना या जंगलाचा आनंद मिळतो का?

मागे एका शाळेत वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मुलांना सहज विचारले, "नागझिरा कोणी पाहिला?" एकही हात वर झाला नाही. मग विचारले, "डुकराने कोणाच्या बांधीत नुकसान केले?" जवळजवळ सारे हात वर. वाघ आपल्याच जिल्ह्यातला, पण तो पाहायला मुंबई-पुण्याची मुले येतात. आपल्या मुलांच्या वाट्याला फक्त रानडुक्कर!

गंमत म्हणून सांगितलेली ही गोष्ट नव्हे. वन्यजीव राखण्यासाठी आणि वन पर्यटनासाठी शासनाचा पैसा येतो, यापुढेही येत राहील. तो गावात टिकवायचा आणि त्यातून सर्वांना सारखा लाभ द्यायचा, तर गावाने आधीच तयारी करून ठेवली पाहिजे. ती तयारी कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

पैसा येतो कुठून?

वाघ वाचवण्यासाठी केंद्र सरकारने 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू केला. आपल्या भागात नागझिरा हे अभयारण्य 1970 सालचे, तर नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 सालचे. ही दोन्ही आणि लगतची अभयारण्ये जोडून डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत तो पसरला आहे. गाभा क्षेत्र सुमारे 656 चौरस किलोमीटर, आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र त्याच्या जवळपास दुप्पट. बफर म्हणजे जिथे गावे आहेत, शेती आहे, गुरे आहेत आणि वाघही आहे, असा पट्टा.

या कामासाठी येणाऱ्या निधीचे ओढे चार-पाच आहेत. पहिला केंद्र-राज्य भागीदारीचा. वन्यजीव अधिवास विकासाच्या योजनेत साधारणपणे 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा असतो. हा पैसा मुख्यतः संरक्षण, पाणवठे, गस्त अशा कामांवर जातो.

दुसरा ओढा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाचा. वन्यजीव कायद्यात 2006 साली दुरुस्ती झाली. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी असे प्रतिष्ठान असावे, स्थानिक लोकांना सोबत घेऊन पर्यटन वाढवावे आणि भोवतालच्या गावांच्या विकासाला मदत करावी, हे त्यात लिहिलेले आहे. म्हणजे ही कोणाची मेहरबानी नाही. कायद्यातले कलम आहे.

तिसरा ओढा 2015 साली सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेचा. ती प्रथम बफर क्षेत्रातील गावांसाठी होती. पुढे अभयारण्यालगतची आणि वाघांच्या भ्रमणमार्गातील गावेही तिच्यात घेण्यात आली. गॅस, बायोगॅस, विहिरीला कठडा, शेताला सौर कुंपण अशी कामे या योजनेत येतात, आणि ती ग्राम परिस्थितीकीय विकास समितीमार्फत होतात. आपले गाव या यादीत आहे की नाही, हे सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन पहिल्यांदा पाहावे. यादीत नाव नसेल तर ते घालण्यासाठी ग्रामसभेचा ठराव पाठवावा.

चौथा ओढा जिल्हा नियोजन समितीचा. पर्यटन, वने आणि आदिवासी उपयोजना या शीर्षांखाली दरवर्षी तरतूद होते. सालेकसा तालुक्यातील आदिवासी गावांना देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडेही जाता येते. पाचवा ओढा पर्यायी वनीकरण निधीचा, ज्याला आपण कॅम्पा म्हणतो. खाणीसाठी, रस्त्यासाठी, धरणासाठी जंगल जाते, त्याचा मोबदला या निधीत जमा होतो. 2016 च्या कायद्याने त्याची घडी बसली.

ओढे पुष्कळ आहेत, पण बोडीला पार नसेल तर पाणी वाहूनच जायचे. तो पार म्हणजे गावाची समिती, तिचा ठराव आणि तिचे हिशेबाचे वहीखाते.

तीन हिस्से सरकारचे, एक हिस्सा आपला

अमेरिकेत 1937 साली एक कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वेगळा काढून तो वन्यप्राणी वाचवण्यासाठी राज्यांना द्यायचा, असे त्यात ठरले. शिकारी जंगलाचा उपभोग घेतो, तर जंगल राखण्याचा खर्चही त्याच्याकडूनच यावा, हा विचार. त्यातही सगळा खर्च केंद्राने उचलला नाही. चारपैकी तीन हिस्से केंद्राचे, एक हिस्सा राज्याचा. ज्याने हिस्सा भरला त्यालाच काम मनापासून करावेसे वाटते, हे तिकडच्या लोकांनी ओळखले होते.

आपल्याकडचे सौर कुंपण याच हिशेबाने चालले. जन-वन योजनेत वैयक्तिक सौर कुंपणाच्या साहित्यासाठी किमतीच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यातील जी रक्कम कमी ती अनुदान म्हणून, आणि उरलेला भार शेतकऱ्याचा, अशी तरतूद ठरली. चालू वर्षीचा दर अर्ज करताना विचारून घ्यावा.

येथे एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ज्याच्याजवळ दोन-पाच हजार रोख आहेत तो आपला हिस्सा भरतो आणि कुंपण घेतो. ज्याच्याजवळ नाहीत, त्याची बांधी उघडी राहते, आणि शेजारच्या कुंपणाने वळलेली सारी डुकरे त्याच्याच शेतात शिरतात. अनुदान आले, पण गरिबाचे नुकसान वाढले. म्हणून एकेकट्याने अर्ज करण्यापेक्षा एका शिवारातल्या शेतकऱ्यांनी मिळून सलग कुंपणाचा विचार करावा. ज्याला हिस्सा जमत नाही त्याच्यासाठी बचत गटातून उसनवारी करावी, नाही तर समितीच्या निधीतून आधार द्यावा.

हाजरा फॉलचा धडा

दरेकसा म्हटले की बाहेरच्या माणसाला पूर्वी दलम आठवायचे. पाहुणा दिवस मावळायच्या आत तालुक्याबाहेर निघून जायचा. आज तोच माणूस धबधब्याचा पत्ता विचारत येतो. हा बदल साधा नाही.

हाजरा फॉलला वन विभागाने संयुक्त वन व्यवस्थापन समितीला सोबत घेतले आणि स्थानिक तरुणांना प्रवेशद्वार, वाहनतळ, देखरेख अशी कामे मिळाली. संयुक्त वन व्यवस्थापनाचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय 1992 सालचा. त्या वेळी तो निर्णय जळाऊ लाकूड, चारा आणि बांबूच्या हिशेबाने पाहिला जात होता. धबधब्याखाली भिजायला येणारा माणूससुद्धा जंगलाचे एक उत्पन्न होईल, असे तेव्हा फारशा कोणाच्या डोक्यात नव्हते.

आता एक हिशेब करून पाहू. हा कोणत्याही एका ठिकाणचा आकडा नाही, समजण्यासाठी धरलेला आहे. समजा, प्रवेश 20 रुपये आणि एका रविवारी 300 माणसे. झाले 6,000 रुपये. पावसाळ्यात असे 10 रविवार धरले तर 60,000. या प्रत्येक रुपयाचे जुन्या पद्धतीने सोळा आणे करा. आठ आणे काम करणाऱ्या मुला-मुलींच्या मजुरीला. चार आणे स्वच्छता, संडास, कठडे, पायऱ्यांच्या दुरुस्तीला. दोन आणे जंगलाला, म्हणजे जाळरेषा, पाणवठे, प्लॅस्टिक उचलणे. आणि राहिलेले दोन आणे गावच्या मुलांना, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना हेच जंगल दाखवायला.

60,000 मध्ये शेवटचे दोन आणे म्हणजे 7,500 रुपये. आकडा लहान वाटतो, पण शाळेच्या एका वर्गाला नागझिऱ्याला नेण्याच्या गाडीभाड्याला त्याने चांगला हातभार लागतो. बफर क्षेत्रातल्या शाळकरी मुलांना जंगल दाखवण्याचा उपक्रम ताडोबाने "चला माझ्या ताडोबाला" या नावाने चालवला आहे. ज्यांच्या गोठ्यापर्यंत वाघ येतो त्या मुलांनी तो एकदा गाडीत बसून, न घाबरता पाहावा, हा त्यातला अर्थ. आपल्या शिक्षकांनी आणि समित्यांनी नवेगाव-नागझिरा प्रकल्पाच्या कार्यालयाकडे अशा सहलीची लेखी मागणी करावी. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही.

वाटणी करताना कामाचीही वाटणी बघावी. प्रवेशद्वारावर बसायला ओळखीतलाच पोरगा आणि कचरा उचलायला मात्र विधवा बाई, असे होऊ नये. पाळीपाळीने काम द्यावे आणि पाळीचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. नागझिऱ्याला चोरखमारा आणि पिटेझरीच्या फाटकांवर जवळपासच्या गावांतील तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात. आपल्या मुलींनीही या कामात उतरावे. पक्ष्यांची नावे, झाडांचे उपयोग त्यांना शिकवावे लागत नाहीत. मोह, चारोळी, तेंदू वेचता वेचता अर्धे जंगल त्यांना तोंडपाठ झालेले असते.

कचारगड हे फिरण्याचे ठिकाण की देवाचे?

दरेकशाहून जवळच धनेगावच्या वरच्या अंगाला कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि आणखी दूरदूरचे भाविक पारी कुपार लिंगोच्या या ठाण्यावर येतात.

बाकीचे दिवस हौशी पाहुणे येतात. त्यांना गुहेची मोठी तोंडे, गार वारा आणि वरून दिसणारे जंगल हवे असते. त्यांनीही यावे. पण निधीचा आराखडा करताना एक भेद विसरू नये. यात्रेकरू हा पर्यटक नव्हे. आपल्या देवाकडे जायला त्याने तिकीट काढावे, असे कोणी सुचवले तर ग्रामसभेने स्पष्ट नाही म्हणावे. पाहुण्याकडून शुल्क घ्या, भाविकाला पाणी द्या. पायऱ्या, दिवे, संडास, प्रथमोपचार हे दोघांनाही लागते. पण गुहेत कुठवर जायचे, चप्पल कुठे काढायची, फोटो कुठे काढू नये, हे समाजाच्या भूमका-पुजाऱ्यांना आणि जाणत्यांना विचारूनच ठरवावे.

येथे वनहक्क कायदा, 2006 कामाला येतो. या कायद्याने ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात पवित्र झाडे, देवराई, कुंड, नदीकाठ, स्मशानभूमी हे पुरावा म्हणून चालतात. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही म्हणून आपल्याला काही अधिकार नाहीत, असा समज काही गावांत आहे. वनहक्क कायद्याला ती अट नाही.

याच कायद्याच्या कलम 3 च्या पोटकलम 2 प्रमाणे शाळा, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचे पाणी, लहान तलाव, समाज मंदिर अशा 13 प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन मिळू शकते. जागा दर वेळी एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. "जंगलची जागा आहे, काही होत नाही" असे म्हणून जे काम थांबलेले असते, त्यातले कितीतरी या कलमात बसते. मात्र उपाहारगृह किंवा राहण्याच्या खोल्या यात बसत नाहीत. त्यासाठी वन विभागाच्या मंजूर आराखड्यात कामाचे नाव असावे लागते. आधी बांधकाम आणि मग परवानगी, असे कोणी करू नये. निधी तर जातोच, वर गुन्हाही दाखल होतो.

वाघ वाढला तर?

20 मे 2023 रोजी ब्रह्मपुरी भागातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. एप्रिल 2024 मध्ये तिसरी आणली. नवेगाव-नागझिरा हे कान्हा, पेंच आणि ताडोबा यांच्या मधल्या जागेतले जंगल असल्याने येथून वाघांची ये-जा होत राहते. वाघ वाढले की पर्यटक वाढतील, हे खरे. गुरे मरण्याचे, माणसाला धोका होण्याचे प्रसंग वाढू शकतात, हेही तितकेच खरे. फाटकावर जिप्सी लावणाऱ्याचा फायदा आणि ढोरक्याचा तोटा एकाच वाघामुळे होतो. म्हणून फायद्यातला काही भाग तोट्याकडे वळवला नाही तर गावात दोन तट पडतील, आणि शेवटी वाघाचाच जीव जाईल.

नुकसान झाल्यास भरपाई मिळते, पण कळवण्यात उशीर करून माणसे ती गमावतात. पीक किंवा जनावराचे नुकसान दिसताच लगेच जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवा. मेलेले जनावर हलवू नका, त्यावर विष टाकण्याचा विचारही करू नका. बांधीतले पीक जसे पडले आहे तसे राहू द्या आणि पंचनाम्याला स्वतः हजर राहा. समितीने एक शिकलेला मुलगा या अर्जांसाठी नेमला आणि त्याला पर्यटनाच्या निधीतून थोडे मानधन दिले, तर वाघाच्या पैशातून वाघाने केलेले नुकसान भरून निघायला मदत होईल.

वाघाइतकेच मोल सारसाचे आहे. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात, आणि तेही गोंदिया-तिरोड्याकडच्या धानाच्या पट्ट्यात. हा पक्षी भर पाण्याच्या बांधीत घरटे करतो. धानाची नासाडी होते म्हणून शेतकऱ्याने अंडी काढून टाकली, तर कुठले अभयारण्य त्याला वाचवणार? सारस शासनाच्या जंगलात नाही, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर राहतो. तेव्हा जिल्ह्यात सारस संवर्धनाचा जो निधी येईल त्याचा पहिला मानकरी घरटे राखणारा शेतकरी असला पाहिजे, आणि हे आपण ठासून सांगितले पाहिजे.

गावाने काय करावे?

निधी मार्चमध्ये खर्ची टाकायचा असतो आणि प्रस्ताव मात्र त्याच्या कितीतरी आधी लागतात. जाहिरात आल्यावर ग्रामसभा बोलावणारे गाव नेहमी मागे राहते. यासाठी पुढील गोष्टी आतापासूनच कराव्यात.

पहिली, ग्रामसभेत कामांची यादी करून पसंतीक्रम लावा. यादी करताना बायांची वेगळी बैठक घ्या. पुरुषांना कमान आणि फलक सुचतात, बायांना पाणी आणि संडास सुचतो. पाहुण्यालाही शेवटी तेच लागते.

दुसरी, समितीचे बँक खाते, सभेची नोंदवही आणि मागील वर्षाचा हिशेब तयार ठेवा. निम्मे प्रस्ताव कागदाअभावीच परत येतात.

तिसरी, ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेल तर तिला जागे करा. लोकजैवविविधता नोंदवहीत धबधबे, गुहा, देवराया, पक्षी, धानाचे जुने वाण, सगळे लिहून घ्या. ज्याची नोंद आहे त्याच्यासाठी पैसा मागता येतो.

चौथी, शेतकऱ्यांनी 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाची माहिती घ्यावी. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून आपल्या शेतावर पाहुण्याला जेवण, मुक्काम देता येतो. धानाची रोवणी, मोहफुलाची वेचणी, तलावातली मासेमारी, हे शहरवासीयांना नवे आहे. पण कर्ज काढून खोल्या बांधण्याची घाई करू नका. आधी ताटभर जेवणापासून सुरुवात करा, माणसे परत येतात का ते पाहा.

पाचवी, वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळू नये. पाला झाडून बाजूला करावा किंवा खाली जुनी साडी, जाळी अंथरावी. जंगल काळे पडले तर पाहुणा कशाला येईल, आणि सांबर तरी कुठे जाईल?

ताडोबाच्या बफरमध्ये आगरझरी येथे फुलपाखरू उद्यान आणि इरई जलाशयावरील नौकाविहार गावकऱ्यांच्या सहभागाने उभा राहिला. तिकडची माणसे आपल्यापेक्षा वेगळी नाहीत. समितीच्या दोन-चार सदस्यांनी, त्यात निदान एक बाई असावी, तेथे जाऊन काम पाहून यावे. तेथे काय जमले आणि काय फसले, दोन्ही विचारून यावे.

शेवटी गोष्ट त्या शाळेतल्या हातांवरच येते. अनुदान किती आले, फलक किती लागले, यावर या कामाचे माप घेऊ नये. पाच वर्षांनी दरेकशाच्या आसपासच्या कुठल्याही शाळेत जाऊन तेच दोन प्रश्न विचारावेत. पहिल्या प्रश्नाला सगळे हात वर आणि दुसऱ्याला थोडेच हात वर, असे दिसले तर समजावे की जंगलाचा पैसा सोळा आणे कामी लागला.